मालदीवच्या बेटांत शिडाच्या बोटीने

मालदीव म्हटले की जाहिरातीतले पाण्यावरचे बंगले डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात हा देश मच्छीमारांचा आणि नावाड्यांचा आहे. सुमारे १२०० बेटे, त्यांतल्या जेमतेम दोनशे बेटांवर वस्ती. बाकी सगळे नारळ, वाळू आणि पाणी. दोन भावांची कुटुंबे आणि अम्मी असे आम्ही आठ जण फेब्रुवारीत तिकडे गेलो. रिसॉर्टऐवजी शिडाची एक बोट कप्तान आणि खलाशासह आठवडाभरासाठी भाड्याने घेतली व खर्च दोन घरांत वाटून घेतला.

डिसेंबर ते एप्रिल इथे ईशान्येचे वारे असतात आणि समुद्र बहुधा शांत असतो. मालेहून आम्ही दक्षिणेला वावूच्या दिशेने निघालो. ही बेटे बांगडीसारख्या गोल रांगेत वसलेली आहेत. भूगोलाच्या पुस्तकात आपण त्यांना कंकणद्वीप म्हणतो, तर इंग्रजीतला ‘अ‍ॅटोल’ हा शब्द थेट इथल्या धिवेही भाषेतून गेला आहे. बांगडीच्या बाहेर खोल महासागर, आत संथ निळे पाणी. मधल्या खिंडींना ‘कंदु’ म्हणतात. भरती-ओहोटीचे पाणी त्यांतून इतक्या जोराने वाहते की वेळ पाहिल्याशिवाय कप्तान बोट घालत नाही.

आमच्या कोकणात खाडीच्या चिखलात नांगर चटकन धरतो. इथे मात्र जागा शोधावी लागते. सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान, ऊन माथ्यावर असतानाच बोट आत घ्यायची. खलाशी नाळेवर उभा राहून पाण्याचा रंग सांगतो. गडद निळे म्हणजे खोल, फिकट हिरवे म्हणजे वाळू, तपकिरी म्हणजे प्रवाळ. पाण्याखाली लपलेल्या प्रवाळाच्या टेकडीला इथे ‘गिरी’ म्हणतात. हा शब्द ऐकून आम्हाला नवल वाटले. पण धिवेही ही मराठीच्याच भाषाकुळातली आहे. मासा म्हणजे ‘मस’, पाणी म्हणजे ‘फेन’. लिपी मात्र अरबीसारखी उजवीकडून डावीकडे लिहितात.

बारा मीटर पाण्यात कप्तानाने साठ मीटर साखळी सोडली. वारा फिरला की बोट नांगराभोवती फिरते आणि ही साखळी तळावर झाडूसारखी सरकते. खाली वाळू असेल तर काही बिघडत नाही. प्रवाळ असेल तर एका रात्रीत पन्नास वर्षांची वाढ मोडून पडते, कारण गोल दगडासारखे दिसणारे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटरच वाढतात. म्हणून नांगर टाकल्यावर खलाशी मास्क लावून पाण्यात उतरायचा आणि तो वाळूतच धरला आहे ना, हे डोळ्यांनी पाहून यायचा.

फिरत्या बोटीवर किब्लाही फिरतो. इथून मक्का वायव्येला आहे. मुलांनी होकायंत्राची जबाबदारी घेतली आणि प्रत्येक नमाजेला दिशा नव्याने ठरवली. गोडे पाणी टाकीत मोजकेच, त्यामुळे वुजू एका मगात. नदीकाठीही पाणी उधळू नये, ही शिकवण घरात लहानपणापासून ऐकतो. तिचा अर्थ चारी बाजूंनी पाणी असताना जास्त कळला.

स्नॉर्कलिंगला पट्टीचे पोहणारे असण्याची गरज नाही, पण पाण्याची भीती नसावी. मास्क, श्वासाची नळी, पायाला फिन्स आणि नवख्यांना लाइफ जॅकेट. नियम तीनच. एकट्याने जायचे नाही, आधी प्रवाह पाहायचा, प्रवाळावर उभे राहायचे नाही. घरातल्या स्त्रिया पूर्ण अंग झाकणाऱ्या पोहण्याच्या पोशाखात उतरल्या. वस्तीच्या बेटांवर तिथल्या स्त्रियाही कपड्यांसकट समुद्रात उतरतात, त्यामुळे कोणी वळून पाहिले नाही. उन्हापासूनही बचाव झाला.

पाण्यात डोके घातले की ‘करकर’ असा आवाज ऐकू येतो. हा पोपटमासा. चोचीसारख्या दातांनी तो मेलेल्या प्रवाळावरचे शेवाळ खरवडतो, त्याबरोबर प्रवाळाचा चुराही गिळतो आणि तो पांढरी वाळू होऊन बाहेर पडतो. एवढा मोठा मासा जेवणात का नसतो, असे मुलांनी विचारले तेव्हा कप्तान हसून हिंदीत म्हणाला, “बेटा, हा आमची जमीन बनवतो.” ही अतिशयोक्ती नव्हती. इथे नदी नाही, डोंगर नाही, गाळ नाही. जी जमीन आहे ती प्रवाळाच्या चुऱ्याची. देशातली सर्वांत उंच नैसर्गिक जागा समुद्रसपाटीपासून अडीच मीटरसुद्धा नाही.

सगळीकडे रंगांची बाग होती असे लिहिले तर ते खोटे ठरेल. काही ठिकाणी तुटक्या, करड्या फांद्यांचा खच होता. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. तेच त्याला अन्न आणि रंग देते. पाणी फार तापले की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि उष्णता लांबली तर उपाशी मरतो. १९९८ आणि २०१६ मध्ये मालदीवमध्ये असे मोठे संकट आले. बेटाकडे येणारी लाट आधी याच प्रवाळभिंतीवर फुटते. ही भिंत खचली तर मागचे गाव उघडे पडते.

फुलिधू बेटावर आम्ही न्याहारी केली. टूना मासा, खवलेला नारळ, कांदा, मिरची आणि लिंबू यांची ‘मस हुनी’, सोबत ‘रोशी’ म्हणजे आपली रोटीच. अम्मींना ती घरचीच वाटली.

शेवटच्या दिवशी मालेतील हुकुरू मिस्किय ही १६५८ ची जुमा मशीद पाहिली. तिच्या भिंती प्रवाळाच्या दगडाच्या आहेत. समुद्रातून ताजा काढलेला हा दगड मऊ असतो, हवेत सुकला की टणक होतो. कारागिरांनी तो लाकडासारखा कोरून एकमेकांत अडकवला आहे. त्याआधी तीन शतके, १३४३ मध्ये, इब्न बतूता या बेटांवर आला आणि काझी झाला. तेव्हा तख्तावर सुलताना खदीजा होती. इथून काथ्याचे दोर हिंदुस्थानात आणि कवड्या बंगालात जात, असे तो नोंदवून गेला आहे. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो, त्या कवडीवर इथल्या पिढ्या जगल्या.

मालदीवला जाणे सर्वांना जमणार नाही. पण आपल्या मालवणलाही सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे आणि तिथेही स्नॉर्कलिंग चालते. बोटीत बसताना भाव जरूर ठरवा, लाइफ जॅकेट मागा, आणि आणखी एक प्रश्न विचारा : भाऊ, नांगर कुठे टाकणार? गिऱ्हाईक विचारते म्हटल्यावर नावाडीही जागा पाहून नांगर टाकतो.