पट्टेवाला

पट्टेवाला गेला, पण संध्याकाळपर्यंत बाबा ते मानायलाच तयार नव्हते. एका कुशीवर आडवं पडून राहायची त्याची जुनी खोड. दगड आणि काच यांच्या फटीत तो असा काही पडायचा, की आल्यागेल्याने हळूच सांगावं, "अहो, तुमचा मासा गेला वाटतं." मग बाबा काचेवर नखाने टक् करत. आतूनही कधीकधी टक् असा आवाज येई आणि स्वारी सरळ होऊन चालू लागे. ही जात खाताना, भांडताना असा आवाज काढतेच. बाबा मात्र ते उत्तर धरून चालत. त्या दिवशी ते नख वाजवत राहिले. शेवटी माझी मुलगी म्हणाली, "आजोबा, त्याचे कल्ले हलत नाहीयेत."

तिच्याच हट्टापायी मी चार लोच मासे आणले होते. अंगभर बारीक उभे पट्टे, तोंडाशी मिशा. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. म्हणाले, "आमच्या ऑफिसातले पट्टेवाले असेच दिवसभर पेंगायचे." त्यातल्या सगळ्यांत मोठ्याला ते नाव चिकटलं. एरवी बाबांचा या प्रकाराला विरोधच होता. पण हा मासा कृष्णेच्या खोऱ्यातला, १९२० साली नारायण राव यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि आज तो धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे, हे कळल्यावर त्यांचा सूर बदलला. "आपल्या नदीचा आहे होय? मग राहू दे." तेव्हापासून टाकी त्यांच्या खात्यात गेली. काचेवर पेनाने पातळीची खूण झाली. पाणी बोटभर उतरलं की आम्हाला विचारणा.

ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातलं आमचं घर, खालचा मजला बुडालेला, वीज गेलेली. टाकीचा पंप बंद पडला तसे मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. बाबांनी स्टूल ओढलं, तांब्या घेतला आणि टाकीतलंच पाणी वर उचलून धार सोडायला सुरुवात केली. वरून पडणाऱ्या पाण्याबरोबर हवा आत जाते, एवढाच हिशेब. भरायचा, उंच धरायचा, ओतायचा. मी तांब्या मागितला तर म्हणाले, "तू फार खालून ओततोस." आई मेणबत्ती धरून उभी. "स्वतःच्या गोळ्या घेतल्यात का?" तिने विचारलं. उत्तर नाही. मध्येच हात थांबवून ते कान देत. टक् आलं की पुन्हा धार.

पलीकडच्या गच्चीवरून शेजारी ओरडले, "काका, नदी जिन्यापर्यंत आलीय, द्या की सोडून!"

"ही नदी नव्हे," बाबा तिथूनच गरजले. "यात गटार आहे, डिझेल आहे. यात सोडू?"

सकाळी बोट आली. सामान घ्यायचं नाही, असं बजावलेलं. या माशाच्या डोळ्याखाली दुभंगलेला काटा असतो. घाबरला की तो उघडतो आणि जाळीत अडकतो. म्हणून बाबांनी चौघांना तांब्यानेच उचललं आणि दुधाच्या किटलीत घातलं. बोटीवरच्या पोराने किटलीकडे बघून विचारलं, "बाळाचं दूध?" बाबांनी नुसती मान हलवली. घराण्याचे कागद मात्र कपाटातच राहिले. ते आईने पुढे अनेक वर्षं ऐकवलं.

पुढे बाकीचे तिघे एकेक करून गेले. टोळीने राहणारा मासा एकटा पडला की दडून बसतो. बाबांनी आपली खुर्ची टाकीशेजारी ओढली आणि पेपर तिथे वाचायला लागले, तोही मोठ्याने. आई म्हणायची, "माझ्या बाळंतपणात इतका वेळ बसला असतात तर!" पण दोघांचा चहा ती तिथेच आणून ठेवायची, आणि हळूहळू तिचीही खुर्ची तिथे आली. आमच्या घरात आई-बाबा शेजारी बसलेले मी पहिल्यांदा पाहिले ते या माशापायी.

आता मुलीला नवे मासे हवेत. बाबांची हरकत नाही, अट आहे: नदीतून धरलेला नको, पैदास केलेला आण, आणि टोळीने राहणारा असेल तर एकटा आणू नकोस. मला ती अट पटते. अशा लोचची शोभेच्या माशांच्या बाजारासाठीची धरपकड हेही त्यांच्यावरचं एक संकट आहे. तेव्हा पट्टे आवडले, तरी दुकानदाराला आधी विचारा, हा आला कुठून. नीट सांगता आलं नाही, तर पिशवी परत द्या.