तावेर्नमधल्या चीजवस्तू

अर्धं दार. छातीपर्यंत येणारं, दोन फळ्यांचं, आत-बाहेर झुलणारं. रस्त्यावरून आतल्या माणसाचे पाय दिसतात, तोंड दिसत नाही. किनाऱ्यावरच्या गावात कुणाची चप्पल कुठली हे सगळ्यांना पाठ असतं. तेव्हा हा आडोसा लपण्यासाठी नव्हे, रीतीपुरता. आता काच असते, कारण आत एसी असतो. काचेतून तोंडं दिसतात, पण ओळखीची नसतात.

खोली. गोव्यातली तावेर्न ही घराची रस्त्याकडची, फेणी विकायची खोली. बार्देशात शिवोली-कांदोळीकडे, सासष्टीत कोलवा-बाणावलीकडे अशा खोल्या पुष्कळ होत्या, थोड्या अजून आहेत. मागे पडदा, पडद्यामागे स्वयंपाकघर. बऱ्याच ठिकाणी त्याच खोलीच्या एका बाजूला पसरा: तांदूळ, काड्यापेट्या, साबण, नारळ. टेबलाच्या टोकाला मालकाची मुलगी गणितं सोडवते आणि गिऱ्हाईक आवाज खाली ठेवून शिव्या देतं. हे वाचायला गोड वाटतं. त्या मुलीला विचारलं तर ती वेगळं सांगेल. बारचं शटर ओढलं की आत कुणी उरत नाही. तावेर्नचं दार लावलं की आत जेवणाची पानं मांडली जातात. चांगल्या तावेर्नचे बाकीचे सगळे गुण या एका गोष्टीतून येतात असं माझं मत आहे, आणि पुढची यादी त्या मतानेच केली आहे.

खुरीस. म्हणजे क्रूस, भिंतीतल्या कोनाड्यात, समोर लाल बल्ब. मालक हिंदू असला तर शांतादुर्गेची तसबीर. हार दोन्हीकडे झेंडूचाच.

गराफांव. मोठ्या पोटाची, अरुंद गळ्याची काचेची हंडी, बाहेरून वेताचं किंवा आता प्लास्टिकचं विणकाम. पोर्तुगालहून त्यांत वाइन भरून यायची. वाइन संपली, पुढे 19 डिसेंबर 1961 ला पोर्तुगीजही गेले, गराफांव राहिले आणि त्यांत फेणी मुरत पडली. फुटला तर नवा मिळत नाही, म्हणून तो हलवायला घरातलं जाणतं माणूस लागे. कांदोळीत 2021 मध्ये मद्याचं संग्रहालय उघडलं, तिथे ते ओळीने मांडलेले आहेत. तावेर्नमध्ये त्यांच्या जागी निळ्या प्लास्टिकचे कॅन आले. कॅन फुटत नाही. फेणीला प्लास्टिकचा वास लागतो की नाही यावर वाद घालणारी माणसं अजून भेटतात. माझ्या मते लागतो.

कोप. जाड बुडाचा लहान पेला. मोजायचं वेगळं माप नसे. गल्ल्यामागच्या बायच्या हाताला माप असे, आणि माणूस पाहून ते थोडं पुढेमागे होई. नव्या बारमध्ये तीस मिलीचं स्टीलचं माप आहे. ते कुणाला ओळखत नाही.

फेणीची पारख. बाटली हलवून वर येणारे मणी पाहायचे. किती वेळ टिकतात त्यावरून ताकद कळते. दोन थेंब तळहातावर चोळायचे आणि हुंगायचं. काजूची असेल तर वास बोटांना दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो, बायकोलाही कळतो. तावेर्नवाल्याला ती कुठल्या भाटीवरची हे ठाऊक असायचं: कुणाच्या डोंगरावरची बोंडं, कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडात, कुणी तुडवली, रस आंबायला तीन दिवस ठेवला की घाईने दोनच. पहिल्या धारेची हुर्राक, पंधरा टक्क्यांच्या आसपास. पुन्हा चढवली की फेणी, साधारण बेचाळीस. आता बाटलीवर टक्केवारी छापलेली असते आणि भाटी कुणाची हा प्रश्न कुणी विचारत नाही.

माडाची फेणी. काजू परका, ब्राझीलहून पोर्तुगीजांनी आणलेला. माड त्याआधीपासूनचा. रेंदेर दिवसातून तीनदा माडावर चढतो: सकाळ-संध्याकाळ सूर, म्हणजे माडी, उतरवायला, दुपारी पोय छाटायला. कमरेला काती, पाठीशी दुधी भोपळा वाळवून केलेलं दुदिनें. त्या सुरातून फेणी, त्यातूनच विनागर, त्यावरच पोदेराचं, म्हणजे पाववाल्याचं, पीठ फुगायचं. पोदेराने यीस्ट घेतलं, विनागर बाटलीतून आलं, रेंदेराचा मुलगा माडावर चढेना. त्याला दोष कसा द्यायचा? पडून मोडलेला बाप त्याने पाहिलेला असतो. गावात एक रेंदेर थांबला की पाठोपाठ तीन धंदे लंगडतात, आणि तावेर्नमध्ये माडाची मागितली तर काजूची पुढे येते.

दुकशिरी. अनंतमुळाच्या मुळ्या घातलेली फेणीची बाटली, गल्ल्यामागच्या फळीवर. पोटासाठी. सर्दीला छातीवर चोळायलाही तावेर्नमधूनच अर्धा कोप वाटीत नेत. वाटी घेऊन येणारी बहुधा म्हातारी असे आणि तिच्याकडून पैसे घेत नसत.

तोंडी लावणं. चेपणीचं तोर म्हणजे मिठाच्या पाण्यात दाबलेली कैरी, चार फोडी. उकडलेले खारे चणे. सुक्या सुंगटांचं किसमूर, ओलं खोबरं घातलेलं. घरात जे शिजलं असेल त्यातलं थोडं बशीत: कधी चौरिस, कधी तळलेला बांगडा, शुक्रवारी मांस नाही. मेनूकार्ड नव्हतं कारण निवड नव्हती. आता चिली चिकन आणि पनीर टिक्का आहे, आणि ते करणारा मुलगा झारखंडहून किंवा ओडिशाहून आलेला आहे. त्याला रात्री बारानंतर त्याच खोलीत टेबलं जोडून झोपावं लागतं. घर आणि दुकान एकाच जागी असण्याची एवढीच खूण राहिली आहे.

गोटी सोडा. गेला. लिमका आहे.

बाय. तावेर्न चालवणारी पुष्कळदा बाईच असे. नवरा तारवटी, बोटीवर, किंवा वारलेला. लायसन त्याच्या नावाचं, काम तिचं. गल्ल्यामागे बसून ती भाजी निवडायची आणि समोरच्याचा कितवा कोप हे न मोजता तिला ठाऊक असायचं. एका क्षणी ती म्हणायची, "आतां पुरो. घरा वच." मोठ्या आवाजाचा दोन मुलांचा बाप त्यावर उठून चालू पडायचा, कारण तिने त्याला चड्डीत पाहिलेलं असायचं आणि त्याची बायको दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिला भेटणार असायची. चांगल्या तावेर्नची माझ्यापुरती पहिली कसोटी हीच: इथे ओतायचं कोण थांबवतो? पगारी वेटरला तो अधिकार नाही आणि मालकाला तो परवडत नाही.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जिने एकाला घरी पाठवलं तिचंच घर दुसऱ्याच्या पगारावर चाललं. बाहेर दाराशी नवऱ्याची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या बायका आत कधी आल्या नाहीत. गावात एक दारूडं घर असतं, त्याचा हिशेब कुठल्याही तावेर्नच्या वहीत नाही. तावेर्न चांगली होती म्हणणारे आम्ही सगळे पुरुष.

मुंबईलाही या बाईची एक आवृत्ती होती. 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि गोंयकार नि ईस्ट इंडियन बायकांनी घराच्या पुढच्या खोलीत टेबलं मांडली. आंटीचा अड्डा म्हणत. कायदा मोडत होता. पण खोली, पडदा, चण्यांची बशी आणि 'आता पुरे' म्हणण्याचा हक्क सगळं तिथे जसंच्या तसं होतं. परमिट रूम आल्या आणि आंट्या संपल्या.

उधारीची वही. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. नावं टोपणनावांनी, कारण गावात एकाच नावाचे पाच फर्नांडिस. तारवट्याचं खातं वर्षाचं: तो आठ-दहा महिने बोटीवर, त्याचा बाप इथे त्याच्या नावावर. मुंबईत उतरला की धोबीतलावला गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या वसतिगृहात, दोन दिवस, मग गावी, मग आधी तावेर्नची वही चुकती, मग इगर्जीची देणगी. रापणकाराचं खातं रोजचं. नारळ पाडणाऱ्याचं पंधरवड्याचं. एवढे वेगवेगळे पगाराचे दिवस डोक्यात ठेवून व्याज न लावता दुकान चालवणं हे काम बँकेतल्या माणसाला जमलं नसतं. आता गल्ल्यावर क्यूआरचा चौकोन चिकटवलेला आहे. पैसे लगेच पोचतात. पैसे नसलेला माणूस येत नाही.

रांपण. किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, दोन्ही दोरांना तीस-चाळीस माणसं. मासळी ओढून झाली की वाटे पडत, आणि ओल्या कपड्यांनिशी सगळे तावेर्नमध्ये. अंगात थंडी, म्हणून पहिला कोप उभ्यानेच. ट्रॉलर आले, मासळी खोल पाण्यातच उचलली जाऊ लागली. 1970 च्या दशकात रापणकारांनी मोर्चे काढले, उपोषणं केली. 1980 मध्ये मासेमारी नियमनाचा कायदा झाला. कायदा राहिला, रांपण जवळजवळ गेली. हल्ली कुठे ओढली तर बाजूला मोबाइल घेऊन पर्यटक उभे असतात. सकाळी साडेसातला उघडणारी तावेर्न याच माणसांसाठी उघडायची. सकाळी पिणारा म्हणजे बिघडलेला हे पुढचं, ऑफिसच्या वेळा धरून चालणाऱ्यांचं मत. पहाटे तीनला पाण्यात उतरलेल्याची साडेसात म्हणजे संध्याकाळ.

पाऊस. समुद्राकाठच्या तावेर्नचा खरा हंगाम जून आणि जुलै. शॅक मेअखेर उतरवावे लागतात. चटया, छत्र्या, नेपाळी वेटर सगळं जातं. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत 61 दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या, बाहेर पाऊस तिरका, वीज गेलेली. कमाई नाही आणि वेळ भरपूर, अशा दोन महिन्यांसाठी गावाला एक कोरडी खोली लागते. तिथे जाळी विणली जातात, पत्ते पडतात, तियात्राच्या संवादांची तालीम होते. 24 जूनला सांजांव: डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून विहिरींत उड्या, आणि त्या वर्षी लग्न झालेल्या जावयाच्या नावाने बाटल्या. 29 ला सांगोड: दोन होड्या एकत्र बांधून त्यांवर मंच, नदीतून गाणी म्हणत मिरवणूक. दोन्ही सणांची वर्गणी तावेर्नच्या गल्ल्यावर जमा व्हायची, हिशेबही तिथेच व्हायचा, भांडणही. पर्यटकाने ज्या महिन्यांत गोवा पाहिला नाही त्या महिन्यांतली ही खोली आहे, म्हणून ती गेल्याचं त्याला कळत नाही.

आमोरेची घांट. संध्याकाळी इगर्जीची घंटा झाली की पेले खाली. टोप्या उतरायच्या, पत्ते पालथे व्हायचे, बाय क्रूस करायची. हिंदू गिऱ्हाईकही गप्प बसायचं. दोन मिनिटं. मग घरी तेर्साच्या प्रार्थनेला जाणारे उठायचे आणि न जाणारे दुसरा कोप मागायचे. घंटा अजून वाजते. स्पीकरमुळे ऐकू येत नाही.

फीत. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारू विकायला बंदी केली. मार्च 2017 च्या शेवटी वीस हजारांखालच्या वस्तीसाठी ते अंतर 220 मीटर केलं. अपघात कमी व्हावेत हा हेतू, त्याला कोण नाही म्हणेल? पण गोव्यातलं गाव रस्त्याला धरूनच वसलेलं. अलीकडे टेकडी, पलीकडे खाजन. मोठ्या बारने मागच्या गल्लीतून दार काढलं, वळसा वाढवला, फितीवर अंतर भरवलं. तावेर्नला मागच्या बाजूला स्वयंपाकघर आणि विहीर. 2018 च्या फेब्रुवारीत पंचायत क्षेत्रांना सूट देण्याचा मार्ग मोकळा झाला, तोवर काही म्हाताऱ्यांनी लायसनचं नूतनीकरण केलंच नव्हतं.

वारस. फीत हे निमित्त. मूळ कारण हे: मुलगा स्विंडनला आहे. 1961 आधी इथे जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो, त्यावर लोक इंग्लंडला गेले, आणि स्विंडनमध्ये गोंयकारांची मोठी वस्ती झाली. तो तिथे गोदामात रात्रपाळी करतो आणि चांगले पैसे पाठवतो. गल्ल्यामागे बसून वाटीतल्या अर्ध्या कोपाचे पैसे नाकारण्यासाठी तो परत येणार नाही, आणि यावं असं त्याच्या आईलाही वाटत नाही. घर दिल्लीच्या कुणी घेतलं तर बाल्कांव, म्हणजे पुढचा ओटा, राखला जातो, रंग चांगला लागतो. रस्त्याकडच्या खोलीत सायकली ठेवतात.

मारियो. व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी या खोल्या भरपूर काढल्या: पोट सुटलेला पात्रांव म्हणजे मालक, टेबलाखालचा कुत्रा, कोपऱ्यातला पाद्री. 2011 मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रांच्या प्रती आता प्रत्येक नव्या बारच्या भिंतीवर आहेत. ज्या जागेने तावेर्न गिळली तिथे तावेर्नचं चित्र.

दाखला. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. 2016 मध्ये राज्याने तिला वारशाचं मद्य ठरवलं. 2021 मध्ये फेणी धोरण आलं. बाटल्या देखण्या झाल्या, मुंबईच्या बारमध्ये फेणीची कॉकटेलं मिळू लागली, भाटीवाल्याला बरा भाव आला. हे चांगलंच झालं. बाटलीला दाखला देता येतो. खोलीला कसा द्यायचा? तिथे विकलं काय जात होतं हेच अर्जात लिहिता येणार नाही.

जोसेफ बार. पणजीत, फोंताइन्हासच्या गल्लीत. समुद्र नाही, मांडवी जवळ. जागा इतकी लहान की लोक पेले घेऊन रस्त्यावर उभे राहतात. गिऱ्हाईक तरुण, बरंचसं बाहेरचं. तरी कुणीतरी जुनी खोली मोडली नाही, पुन्हा लावली. नक्कल म्हणून नाक मुरडणारे आहेत; मी त्यांच्यात नाही.

हुर्राक. मार्च ते मे. फोडलेली हिरवी मिरची, मीठ, लिंबू, लिमका, बर्फ. टिकत नाही, म्हणून साठवत नाहीत. जुलैत मागितली तरी काही ठिकाणी मिळते. कशाची, ते पात्रांवला विचारू नये.