गीन्गेन येथील अस्वलें

दक्षिण जर्मनींत उल्म शहराजवळ, ब्रेन्झ नदीच्या कांठीं गीन्गेन हें लहानसें शहर आहे. आम्ही तेथें गेलों तें किल्ले वा देवळें पाहावयास नव्हे, तर टेडी नांवाच्या कापडी अस्वलाचें जन्मस्थान पाहावयास.

येथें १८४७ सालीं मार्गारेटे श्टाइफ जन्मली. दीड वर्षाची असतांना पोलिओनें तिचे पाय लुळे पडले, उजवा हातही अधू झाला. तरी ती शिवणकाम शिकली. १८८० मध्यें टांचण्या खोवण्यासाठीं तिनें हत्ती शिवला, तो मुलांनीं खेळणें म्हणूनच उचलला! १९०२ सालीं तिचा भाचा रिचर्ड यानें हातपाय हालणारें अस्वल योजिलें.

परंतु आमचें मन रमलें तें हौसेनें घरीं अस्वलें करणाऱ्या एका बाईंच्या मेजापाशीं. घरकाम आटोपलें कीं त्या बसतात. अंगोरा बकरीच्या केसांचें लवदार कापड उलट बाजूनें कापावयाचें. कातरीनें वीण तुटावी, लव नव्हे. सांध्यांत चकत्या बसवून आंत लांकडाचा तलम कीस ठांसावयाचा. डोळे मात्र आधीं टांचणीनें लावून पाहावयाचे. जवभर सरकले कीं भोळें अस्वल लबाड दिसतें.

"विकीत कां नाहीं?" आम्ही विचारलें.

"मजुरी धरली तर कोणी घेणार नाहीं, न धरली तर मला विकवणार नाहीं," त्या म्हणाल्या. म्हणून त्यांचीं अस्वलें नातवंडांकडेच जातात.

आपल्याकडे जुन्या लुगड्याची बाहुली शिवणाऱ्या आजीनें तरी मजुरी कधीं मोजली? वाचक भगिनींनीं सुईदोरा घेऊन एकवार हा अनुभव घ्यावा.