गाडीची मागची खिडकी

कांच आणि प्लॅस्टिक हीं दोन्ही पारदर्शक खरीं, पण त्यांचें म्हातारपण सारखें नसतें. कांच शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि एके दिवशीं फुटते. प्लॅस्टिक फुटत नाहीं. त्याला मोतीबिंदु होतो, आणि तोहि इतक्या सावकाश कीं रोज पाहणाऱ्याच्या तें ध्यानांत येत नाहीं.

कॅलिफोर्नियांत आमच्या चिरंजीवांकडे सहा महिने मुक्काम होता, तेव्हां या मोतीबिंदूशीं आमची गांठ पडली. नेहमींच्या गाडीखेरीज त्यांनीं १९९४ सालची एक दोन आसनांची माझ्दा एमएक्स-५ बाळगली आहे. ही उघड्या टपाची जपानी गाडी १९८९ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. तिचा टप घडी करून मागें सारतां येतो. कांचेची घडी होत नाहीं, म्हणून पहिल्या पिढींतील गाड्यांना मागें लवचिक प्लॅस्टिकची खिडकी दिलेली असे. १९९८ पासूनच्या दुसऱ्या पिढीला कांच आली.

चिरंजीवांचा सारा जीव त्या गाडींत. सूनबाईंचें म्हणणें, ती विकून टाकावी. वाद पैशाचा नव्हता. घरापुढच्या उतारावरून गाडी मागें घेतांना त्या खिडकींतून धुक्याखेरीज कांहीं दिसत नसे, आणि त्याच उतारावर आमचा चार वर्षांचा नातू तीनचाकी फिरवीत असतो. अमेरिकेंत मे २०१८ पासून तयार होणाऱ्या नव्या गाड्यांस मागचें दृश्य दाखविणारा कॅमेरा सक्तीचा झाला आहे, तो उगीच नव्हे. आम्हांस विचारलें तेव्हां आम्हीं सूनबाईंचीच बाजू घेतली. मात्र निकाल लावण्यापूर्वीं खिडकीची एकदां परीक्षा व्हावी, एवढी मुदत मागून घेतली.

आमच्या लहानपणीं कंदिलाची कांच राखेनें घासून लखलखीत करणें हें मुलांचें काम असे. तो न्याय येथें लावूं गेल्यास सर्वनाश! प्लॅस्टिक कांचेहून कितीतरी मऊ. धोतराच्या सोग्यानें आजकालचा चष्मा पुसणाऱ्यांस हें सांगावयास नको. कोरड्या फडक्यानें पुसलेली धूळच त्यावर शेंकडों बारीक ओरखडे पाडते, आणि त्या ओरखड्यांवरून प्रकाश चहूंकडे विखुरला कीं खिडकी धुरकट दिसते. दुसरें कारण ऊन. उन्हानें प्लॅस्टिक पिवळें पडतें, आणि त्याला मऊ ठेवणारें द्रव्य निघून जाऊन तें कडक होतें. पहिल्या दोषाला उपाय आहे, दुसऱ्याला नाहीं. दोष कोणता, हें ओळखावयास तांब्याभर पाणी पुरतें. खिडकी ओली करावी. ओली असतांना ती स्वच्छ दिसली तर दोष वरवरचा, कारण पाण्यानें ओरखडे तात्पुरते भरून निघतात. ओली असूनहि पिवळीच राहिली तर श्रम घेऊं नयेत. आमची खिडकी बरीचशी उजळली. खालीं घडीच्या जागीं वीतभर पिवळा पट्टा तसाच राहिला.

मग दोन दिवस दुपारीं सावलींत काम चाललें. उन्हांत तापलेलें प्लॅस्टिक अधिकच मऊ होतें, आणि लेप त्यावर वाळून बसतो. प्रथम भरपूर पाणी व सौम्य साबण. अमोनिया असलेलें कांच पुसण्याचें औषध वर्ज्य. या गाडीची खिडकी चेन उघडून आडवी निजवितां येते, ही मोठीच सोय. तिच्याखालीं जाड टॉवेल घातला. खोल ओरखड्यांपुरता दोन हजार नंबरचा पॉलिश कागद पाण्यांत बुडवून हलक्या हातानें फिरविला. कागद फिरतांच खिडकी पहिल्याहून पांढरी झाली आणि चिरंजीवांचा चेहराहि! पण तें होणारच असतें. त्यावर प्लॅस्टिकसाठीं मिळणारा भरड लेप, मग बारीक लेप, प्रत्येकास निराळें सुती फडकें. आंतली बाजू घासतांना सौ.नीं बाहेरून हाताचा आधार दिला. देवांचीं उपकरणीं घासून तयार झालेला त्यांचा हात. त्यांच्या सूचना आम्ही निमूटपणें पाळल्या.

परीक्षा सूनबाईंनींच घेतली. सौ. दहा पावलांवर कालनिर्णय उघडून उभ्या राहिल्या, आणि सूनबाई गाडींत बसून मान वळवून वाचूं लागल्या. "बाबा, तारखा दिसतात. तिथि नाहीं वाचतां येत." पट्ट्याच्या मागें तर सौ.चे पायहि दिसत नव्हते.

तेव्हां गाडी तूर्त राहिली. पुढच्या उन्हाळ्यापूर्वीं कांचेची खिडकी असलेला नवा टप बसवावयाचा, हें चिरंजीवांनीं कबूल केलें; तसे टप या जुन्या गाडीसाठींहि मिळतात. तोंपर्यंत नातवाला कोणीतरी कडेवर घेतल्याखेरीज गाडी मागें घ्यावयाची नाहीं, असा सूनबाईंचा हुकूम आहे. आम्ही परत निघालों त्या दिवशींहि तो आमच्याच कडेवर होता, आणि उतरावयास तयार नव्हता.