दारचा पळस

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पांढुर्ण्याच्या घरी आजी ज्या घाईने उठत असे, ती घाई वर्षाच्या अन्य कोणत्याही दिवशी मला तिच्या ठायी दिसली नाही. आदल्या दिवशी दाराच्या दोन्ही बाजूंना टेकवून ठेवलेल्या पळसाच्या डहाळ्या, ज्यांना आमच्याकडे मेढे म्हणत, त्या तेव्हा पुरत्या कोमेजलेल्याही नसत. तरीही अंधार असतानाच ती त्या उचलून पदराखाली धरी, मला हाताशी घेई आणि घरातला खोकला, ताप, डास, ढेकूण असे सगळे काही घेऊन जाण्याविषयी मारबतीला मोठ्याने बजावीत वेशीबाहेर जाई. नागपुरास काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या प्रचंड प्रतिमांची मिरवणूक निघते. आमच्या गल्लीत मारबत म्हणजे या दोन डहाळ्याच. सूर्य उगवण्यापूर्वी त्या दारावरून गेल्या पाहिजेत, हा आजीचा कायदा होता आणि त्यास अपवाद नव्हता.

पोळा हा सणच मुळी उतरविण्याचा आहे, असे मला आता वाटते. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकून त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण दिले जाई. अमावास्येस झुली, बाशिंगे, घुंगरमाळा घालून गावचे सारे बैल आंब्याच्या पानांच्या लांबलचक तोरणाखाली ओळीने उभे राहत. झडत्या म्हणून झाल्या, मानाच्या बैलाची पूजा झाली, की तोरण तोडले जाई आणि त्याच क्षणी ‘पोळा फुटला’ असा एकच गलका उठे. तोरण तोडण्याचा मान गावच्या मालगुजाराचा होता. 1951 साली मालगुजारी संपुष्टात आली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. जमाबंदीचे दप्तर गेले, वसुली गेली, परंतु त्या तोरणाखालचा मान पुढे कित्येक वर्षे त्याच वाड्याकडे चालत राहिला. आमच्या या सीमेवरच्या मुलखात तर सणाचा महिनादेखील घरोघर बदलतो. आमच्या पंचांगात ती श्रावणी अमावास्या, आणि भिंतीपलीकडच्या हिंदी भाषक शेजाऱ्याच्या पंचांगात तीच भाद्रपदाची. दिवस मात्र एक आणि बैलही एकाच तोरणाखालचे.

घराच्या उंबरठ्यावरील तोरणाविषयी मात्र आमच्या घरात एकमत नव्हते. आजीच्या मते दार कधी मोकळे असू नये. दसऱ्याचे झेंडू-आंब्याचे तोरण सुकले, काळवंडले, त्याची पाने वाऱ्यावर खुळखुळू लागली, तरी ते दिवाळीपर्यंत राहावे आणि नवे बांधणाऱ्या हातानेच जुने उतरावे. माझी आई सौंसरची. तिच्या वडिलांचा संत्र्यांचा बगीचा होता, आणि बहार तुटल्यावर झाडावरची वाळकी काडी न् काडी काढून टाकण्याचे काम तिने लहानपणापासून पाहिले होते. त्या वाळक्या काड्यांना बगीचेवाले सल म्हणतात. सल झाडावर राहिली की रोग तिच्यातच बसतो आणि तेथून हिरव्या फांदीत उतरतो, हे ती आपल्या वडिलांच्या तोंडून शिकली होती, आणि दारावरच्या वाळक्या तोरणाकडे ती त्याच नजरेने पाहत असे. सासूच्या शब्दाबाहेर जाण्याची तिची प्राज्ञा नव्हती; पण सणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती दारात उभी राहून वर पाही, आणि काही न बोलता आत जाई. पळसाच्या बाबतीत तेवढे दोघींचे मत एक होते.

मी तेरा वर्षांचा असताना आजी पोळ्याच्या रात्री तापाने फणफणली. आई तिच्या उशाशी बसून होती, वडील वैद्याकडे गेले होते, आणि पळस दारालाच राहिला. उन्हे ओसरीवर आली तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आले, आणि मीच तो उचलून नेऊन टाकला. त्याच दिवशी जाम नदीवर गोटमार होती. ती ज्याने पाहिली नाही त्याला शब्दांनी सांगणे कठीण आहे. पहाटे नदीच्या मध्यभागी झेंडा लावलेले पळसाचे झाड रोवतात; एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव; आणि दिवसभर दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव चालू असताना ते झाड तोडून आणण्यासाठी माणसे पाण्यात उतरतात. झाड हाती आले की ते चंडीमातेच्या देवळात नेऊन वाहतात. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवून नेली आणि दोघे नदीतच दगडांनी मारली गेली, अशी त्यामागची कथा सांगतात. आजीनेही मला ती सांगितली होती, पण सांगताना तिचा स्वर नेहमी खाली येई. त्या सायंकाळी माझ्या काकांना चार जणांनी उचलून घरी आणले. त्यांचा डावा डोळा गेला होता.

पळस दारावर राहिला आणि काकांचा डोळा गेला, या दोन गोष्टींत कार्यकारणभाव आहे असे मी मानीत नाही. शेकडो माणसे दर वर्षी तेथे जखमी होतात आणि त्यांच्या सर्वांच्याच दारांवर पळस राहिलेला नसतो. परंतु आजीने तो मानला. पुढे अकरा वर्षे ती जगली, आणि काकांच्या ताटात वाढताना तिचा हात दर वेळी किंचित थांबे. सल हा शब्द बगीच्यातल्याप्रमाणे माणसाच्या मनालाही आपण का लावतो, हे मला कोणत्याही कोशापूर्वी त्या थांबलेल्या हाताने शिकविले.

1962 साली मी छिंदवाड्याच्या कचेरीत नकलनवीस म्हणून रुजू झालो आणि एका वृद्ध ख्रिस्ती परिचारिकेच्या घरी भाड्याने राहिलो. त्या मूळच्या नागपूरकडच्या, मराठी बोलणाऱ्या. छिंदवाड्यात स्वीडनहून आलेल्या ल्यूथरन मिशनचे काम जुने होते, आणि त्यांचे तारुण्य त्या मिशनच्या भगिनींच्या हाताखाली गेले होते. नाताळाच्या आधी त्यांनी बांबूच्या कामट्यांवर पांढरा कागद चिकटवून एक पंचकोनी तारा केला आणि ओसरीच्या आढ्याला टांगला. आत कंदील ठेवला की त्याचा प्रकाश रस्त्यापर्यंत जाई. पंचवीस तारीख गेली, सव्वीस गेली, इंग्रजी वर्ष पालटले; तारा तेथेच. माझ्या मनाची जी घडण झाली होती तिच्यामुळे रोज पहाटे दार उघडताच त्या ताऱ्याखालून जाताना माझे पाऊल अडखळे. अखेर एके दिवशी मी धीर करून विचारले, की बाई, हा उतरवायचा कधी?

त्यांनी बोटांवर मोजून दाखविले. त्यांच्या मिशनच्या भगिनींच्या देशात नाताळपासून विसावा दिवस, म्हणजे 13 जानेवारी, हा संत कनूटचा दिवस मानतात. त्या दिवशी मुले जमून नाताळच्या झाडावरची मिठाई खाऊन टाकतात, त्याच्याभोवती शेवटचा फेर धरतात आणि मग झाड घराबाहेर काढतात. इंग्रजांत तीन ज्ञानी राजांचा सण, 6 जानेवारी, ही हद्द धरतात, आणि बारा दिवस पंचवीसपासून मोजायचे की सव्वीसपासून यावरून तेथेही पाच की सहा असा वाद आहे. पूर्वी तर काही घरांत सजावट 2 फेब्रुवारीपर्यंत राही. गोव्यात तीन राजांचा तोच सण रेइश मागुश आणि चांदर येथे मोठ्या थाटाने होतो. हे सगळे सांगून त्या म्हणाल्या, “बाळ, आनंद एका रात्रीत चढतो, उतरायला त्याला वीस दिवस द्यावेत.” आमच्या आजीची पहाट आणि या बाईंचे वीस दिवस यांत खरे कोणाचे, याचा निवाडा मला तेव्हा करता आला नाही. तेरा तारखेस त्यांनी गल्लीतली सारी मुले बोलाविली, रेवड्या आणि मी सौंसरहून छोट्या गाडीने आणलेली संत्री वाटली, आणि सर्वांत लहान मुलीला खांद्यावर घेऊन तिच्या हाताने तारा काढविला. तो दिवस भोगीचा होता. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना मी तिळगूळ दिला.

तेव्हापासून प्रत्येक सजावटीच्या उतरणीकडे मी लक्ष देऊ लागलो. गुढी सूर्यास्तापूर्वी खाली येते. आकाशकंदील आम्ही त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवतो. आणि लग्नाच्या मांडवाला तर परतणीचा स्वतंत्र विधीच आहे. माझ्या मुलीच्या लग्नानंतर मांडव परतला त्या दिवशी अंगणात वासे काढल्याचे खड्डे तेवढे राहिले होते आणि पत्नी हातात माती घेऊन ते एकेक करून बुजवीत होती. त्या खड्ड्यांवर पाणी शिंपडून ती कितीतरी वेळ तेथेच उभी राहिली. मी तिला आत बोलावले नाही.

5 ऑक्टोबर 2023 रोजी पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. माझे आजोळ आणि माझे घर, ज्यांनी एका दारावरच्या तोरणाबद्दल आयुष्यभर एकमेकांशी मूक वाद घातला, ती सरकारी दप्तरात अशी एका नावाखाली आली. मला त्या दिवशी दाराला तोरण बांधावेसे फार वाटले. पण तो पितृपक्ष होता आणि पत्नीने हात धरला. दहा दिवसांनी, घटस्थापनेला, मी ते बांधले. दसऱ्याला नवे तोरण बांधताना मी जुने त्याच हाताने उतरविले, म्हणजे आजीचे राखले. आणि तो दिवस उजाडेपर्यंत त्यातले जे पान वाळेल ते रोज खुडून टाकले, म्हणजे आईचेही राखले.

पळसाचा दिवस मात्र मी कधी चुकविला नाही. नोकरीत जेथे बदली झाली तेथे पोळ्याला मिळेल तेथून दोन डहाळ्या आणल्या आणि उजाडण्यापूर्वी टाकल्या. गोटमार थांबावी म्हणून जमावबंदीचे हुकूम निघाले, दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले गेले. गोटमार चालूच आहे, आणि तिच्याविषयीचे माझे दुःखही. काकांनी तिचा द्वेष केला नाही, हे मी पाहिले आहे. मला मात्र ते जमलेले नाही.

यंदाही मी तीन वाजता उठलो. आता वेशीपर्यंत जाण्यास मला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. डहाळ्या घेऊन नदीकाठी पोहोचलो तेव्हा अंधारात पाण्यात गुडघाभर उभे राहून काही तरुण झाड रोवीत होते. पहारीचे आवाज येत होते, आणि झेंडा अजून एकाच्या खांद्यावर गुंडाळलेला होता. मी माझा पळस काठावर ठेवला. त्यांतल्या एकाने दिवटी माझ्या पायांवर धरली.

“आबाजी, सांबाळून या खाली,” तो म्हणाला, “शेवाय हाये इथं.”

पूर्वेस अद्याप काहीच फटफटले नव्हते.