लिस्बनच्या गल्लीतल्या खानावळी

परदेशातील राजवाडे, देवळे आणि पुतळे यांची वर्णने आपण पुष्कळ वाचतो. परंतु दुपारी पोटात कावळे कोकलू लागले म्हणजे प्रवाशाने काय करावे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये, या प्रश्नाचे उत्तर गल्लीच्या तोंडाशीच मिळते. त्याचे नाव 'ताश्का'.

ताश्का म्हणजे आपली खानावळच म्हणा ना! सात-आठ टेबले, त्यांवर कागदाचे आच्छादन, दाराशी 'आजच्या ताटा'ची पाटी. मालक गल्ल्यावर आणि मालकीणबाई आत चुलीशी. बसताच न मागता पाव, ऑलिव्ह, चीज समोर येते. हा पाहुणचार नव्हे बरे का! खाल्ले तर पैसे पडतात. नको असेल तर तसे सांगावे. न मागितलेल्या आणि हात न लावलेल्या जिनसांचे पैसे घेता येत नाहीत, असा तिथला कायदाच आहे.

खारवलेल्या कॉड माशाच्या या देशात आमच्यासारख्या शाकाहाऱ्याचे कसे निभावणार, अशी मला धास्ती होती. ती 'काल्दु व्हेर्द'ने घालवली. बटाट्याचे दाट कढण, त्यात केसासारखी बारीक चिरलेली कोबीच्या जातीची हिरवी पाने आणि वर ऑलिव्ह तेलाची धार! त्यात मांसाच्या सॉसेजची चकती टाकतात, ती नको म्हणून आधीच सांगायचे. आणि सांगणे कठीण नाही. आपला बटाटा तिथे 'बाताता', काजू तो काजूच. पाव आणि कोबी हे शब्द तर पोर्तुगीजांकडूनच आपल्या घरात आले. समोसासुद्धा गोवा-मोझांबिकच्या वाटेने तिकडे पोहोचला आहे. काउंटरवरच्या काचेच्या कपाटात 'शामूसा' या नावाने तो ऐटीत बसलेला असतो. मात्र आत बहुधा खिमा असतो, तेव्हा विचारून घ्यावे.

जेवणानंतर 'बिका', म्हणजे इवल्याशा कपातली कडक कॉफी. ती काउंटरशी उभ्यानेच घ्यावी. बाहेरच्या खुर्चीवर बसलात की बहुधा दर चढतो. अंडे चालत असेल त्यांनी बेलें भागात 1837 पासून चालू असलेल्या दुकानातली कस्टर्डची गरम पेस्ट्री दालचिनी भुरभुरून जरूर खावी.

मोरारीया भागातल्या एका ताश्कात मी चार दिवस जेवलो. रोज एक वाजता एक वृद्ध गृहस्थ यायचे, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचे. त्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच सूप समोर यायचे. एखाद्या दिवशी त्यांना उशीर झाला, तर मालकीणबाई दाराशी जाऊन रस्त्याकडे पाहत. त्यांच्या घरी दुसरे कोणी नव्हते. चौथ्या दिवशी मालक म्हणाला, इमारत विकली गेली आहे. भाड्याचा करार संपला की बंद!

हे एकट्याचे दुखणे नाही. 2012 साली तिथला भाडेकायदा बदलला, जुनी स्वस्त भाडी वाढवणे सोपे झाले. त्यातच प्रवाशांचा लोंढा वाढला आणि घरांच्या खोल्या पाहुण्यांना दिल्या जाऊ लागल्या. 2017 साली ऐतिहासिक दुकानांना संरक्षण देणारा कायदा झाला खरा. पण प्रत्येक ताश्का काही इतिहासात बसत नाही. मुंबईचे इराणी एकेक करून मिटताना ज्यांनी पाहिले, त्यांना यापुढचे सांगायला नको.

म्हणून वाचकहो, लिस्बनला गेलात तर झगमगीत हॉटेलापेक्षा ताश्काची पायरी चढा. चार पैसे तिथे पडू द्या. मात्र बाराच्या ठोक्याला जा आणि एकच्या आत उठा. कोपऱ्यातले टेबल कोणाची तरी वाट पाहत असते.