भुकेला हसणारे शहर

गेल्या ऑगस्टमध्ये अक्रा येथे ‘होमोवो’ पाहण्याचा योग आला. घानाच्या या राजधानीतील गा लोकांच्या भाषेत होमोवो म्हणजे भुकेची टर उडवणे. पूर्वजांनी एकदा भीषण दुष्काळ सोसला. पुढे पाऊस पडला, उदंड पिकले आणि तृप्त माणसे भुकेला हसली, अशी त्यांची आख्यायिका. मे महिन्यात पेरणी झाली की सुमारे ३० दिवस ढोल वाजवायचा नाही, असा दंडक आहे.

सणाला आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, वाफवून पामतेलात मळलेले ‘क्पोक्पोई’ करतात. प्रमुखाने ते प्रथम मुठीमुठीने भुईवर उधळले. ते पितरांसाठी, असे कळताच मी स्तब्ध झालो. वडिलांचे श्राद्ध याच महिन्यात होते, आणि रजा मिळूनही मी घरी न जाता इकडे आलो होतो!

पुढे एका घरी जेवायला बसवले. एकाच पात्रात आजोबा-नातवंडांचे हात होते. मासे घातलेल्या सारासह पहिला घास घेण्यापूर्वी मी चिमूटभर अन्न भुईवर ठेवले. कोणी काही विचारले नाही. त्यांना त्यात नवल वाटण्याजोगे काहीच नव्हते.